पाकिटामागची बारीक अक्षरं आणि नणंदेचा हिस्सा

प्रश्न :

'वर्षभरापूर्वी मी ठरवलं, की आपल्या घरात पूर्णपणे हलालच चालेल. आता प्रत्येक पाकीट उलटून वाचते. मागचा कोड समजला नाही तर वस्तू घरात आणत नाही. सासूबाई रोज घेतात त्या कॅप्सूलच्या आवरणात जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला पदार्थ, असतं असं कळलं, म्हणून महिन्यापासून त्या बंद केल्या. नणंदेकडे जेवणं सोडलं. मांस कुठून आणता असं विचारलं तर तिनं नीट उत्तर दिलं नाही. हे मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, तेव्हापासून अबोला आहे. तशी तिच्या मनात सासऱ्यांच्या घराच्या वाटणीचंही काही असेल. सासरे जाऊन ६ वर्षं झाली, घर आम्हीच वापरतो, तिनं कधी मागितलं नाही. पण तो वेगळा विषय. मागच्या आठवड्यात एका वाढदिवसाला माझ्या ७ वर्षांच्या मुलाच्या हातातली गोळी मी सगळ्यांदेखत काढून घेतली. घरी आल्यावर तो म्हणाला, "अल्लाला मी आवडत नाही का?" नवरा म्हणतो, तू अती करतेस. मला मात्र धास्ती वाटते, की हरामचा एक कण जरी पोटात गेला तर दुआ कबूल होणार नाही. मी कुठवर जायचं?'

उत्तर :

ताई, अस्सलामु अलैकुम.

सगळ्यात आधी सासूबाईंच्या कॅप्सूल. बाकीचं पत्र नंतर वाचलंत तरी चालेल, पण आज डॉक्टरांना फोन करा आणि औषध महिनाभर बंद आहे हे त्यांना सांगा. रोजचं औषध असं मध्येच सुटलं, तर ते पुन्हा त्याच मात्रेत सुरू करायचं की कसं, हे त्यांनीच ठरवायला हवं. त्याच फोनवर विचारा, की हेच औषध साध्या गोळीच्या किंवा पातळ स्वरूपात मिळतं का, किंवा वनस्पतीपासून केलेल्या आवरणाची कॅप्सूल आहे का. अशी आवरणं आता बरीच मिळतात. कॅप्सूल उघडून आतली पूड पाण्यातून देण्याचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या. काही औषधं पोटात न विरघळता आतड्यात जाऊन विरघळावीत म्हणूनच त्या आवरणात भरलेली असतात.

आणि पर्याय मिळालाच नाही तर? कुरआनातल्या सूरह (अध्याय) बकराच्या १७३व्या आयतीत (वचनात) मेलेलं जनावर, रक्त, डुकराचं मांस हे सगळं हराम ठरवल्यावर त्याच आयतीत पुढं म्हटलं आहे, की जो लाचार झाला, ज्याच्या मनात अवज्ञा नाही आणि जो गरजेपलीकडे जात नाही, त्याच्यावर गुन्हा नाही. मनाई आणि सवलत एकाच आयतीत आली आहे. दुसरा इलाज नसताना जिलेटिनच्या आवरणातलं औषध घ्यायला आलिमांनी (धर्मशास्त्राच्या जाणकारांनी) मोकळीक दिलेली आहे ती याच आधारावर. तुमच्या भरवशाच्या मुफ्तींना (धर्माचा निर्णय देणाऱ्या आलिमांना) जरूर विचारा. मात्र त्यांचं उत्तर येईपर्यंत म्हाताऱ्या माणसाचं औषध अडवून ठेवू नका. शिवाय शरीर त्यांचं आहे. त्यांना विचारलं होतंत का, हे पत्रात कुठं दिसलं नाही.

आता पाकिटांकडे येते.

तुमची ही मेहनत वाया गेलेली नाही. बारीक अक्षरं वाचायची सवय चांगली आहे, फक्त तिला जरा शिस्त लावा. कोड समजला नाही म्हणजे वस्तू हराम झाली, असं होत नाही. ई १२० हा लाल रंग कोचिनील नावाच्या किड्यापासून काढतात, तेव्हा तो टाळता येतो. ई ४७१ मात्र वनस्पतीच्या तेलापासूनही बनतं आणि जनावराच्या चरबीपासूनही. नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही, कंपनीला विचारावं लागतं. चीज घट्ट करायला लागणारं रेनेट वासराच्या जठरातूनही काढतात आणि सूक्ष्मजीवांपासूनही करतात. अशा आठ-दहा गोष्टी एकदा नीट समजून घ्या, घरात नेहमी लागणाऱ्या वस्तूंची यादी करा, शंका असेल तिथं कंपनीला एक पत्र टाका आणि मग थांबा. दर खेपेला तीच वस्तू उलटून पाहायची गरज राहणार नाही.

शिक्क्याबद्दलही एक सांगते. लेबलवर 'हलाल' हा शब्द कसा वापरावा याची मार्गदर्शक तत्त्वं कोडेक्स अ‍ॅलिमेंटेरियस या आंतरराष्ट्रीय अन्न-मानक आयोगानं १९९७ मध्ये काढली. त्यातच त्यांनी मान्य केलं आहे, की कोणता प्राणी चालतो आणि जबिहा (जनावर कापण्याचा विधी) कसा व्हावा याबद्दल इस्लामी मसलकांमध्ये (पंथांमध्ये) थोडेफार मतभेद असू शकतात. जगभरासाठी नियम लिहायला बसलेल्यांनी जर एवढी जागा मोकळी सोडली, तर आपण एकमेकांसाठी थोडी सोडायला हरकत नाही. समुद्रातल्या प्राण्यांचंच बघा. शाफई मसलकात त्यांची मोकळीक खूप मोठी आहे, हनफी मसलकात ती माशांपुरती आहे. दोघेही आपापल्या जागी दीनदार (धर्मनिष्ठ). एकाच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात नसतं, एवढ्यावरून कोणी कोणाला हरामखोर म्हणत नाही.

सूरह नहलमधली ११६वी आयत मी स्वतः कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवली आहे. तुमच्या जिभा खोटं बोलतात म्हणून हे हलाल आणि हे हराम असं म्हणू नका, अल्लाहच्या नावावर असत्य रचू नका, अशा अर्थाची. हरामाला हलाल म्हणणं जसं त्यात येतं, तसंच हलालला हराम म्हणणंही. ही दुसरी बाजू आपण विसरतो. काही माहिती नसताना 'नको, हरामच असेल' असं म्हणून टाकलं की आपल्याला सावध राहिल्यासारखं वाटतं. पण तोही अल्लाहच्या नावावर दिलेला निकालच असतो.

पैगंबरांचे साथी नोमान बिन बशीर यांनी सांगितलेली हदीस (पैगंबरांच्या वचनाची आठवण) तुम्हाला ठाऊक असणार. हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे, आणि मध्ये काही शंकास्पद गोष्टी आहेत, ज्या पुष्कळांना कळत नाहीत. जो त्यांच्यापासून दूर राहिला त्यानं आपला दीन (धर्म) आणि आपली अब्रू राखली. राखीव कुरणाच्या कडेनं चारणाऱ्या गुराख्याची गुरं कधी ना कधी आत शिरतात, हा दाखलाही त्यातच आहे. तुमचा सगळा वर्षभराचा प्रयत्न या हदीसवर उभा आहे, आणि तो पाया भक्कम आहे. फक्त दोन गोष्टींकडे लक्ष द्या. शंकास्पद गोष्टीपासून ज्यानं त्यानं स्वतः दूर राहायचं आहे. दुसऱ्याच्या हातातून ती ओढून घ्या असं तिथं म्हटलेलं नाही. आणि ही हदीस कुरणापाशी संपत नाही. पुढं येतं, की शरीरात मांसाचा एक गोळा आहे, तो नीट असला तर सगळं शरीर नीट, तो बिघडला तर सगळं बिघडलं, आणि तो म्हणजे काळीज. खाण्यापिण्याच्या चर्चेत आपण ही हदीस सांगतो आणि बहुतेक वेळा अर्ध्यावर सोडतो.

यावरून तुमच्या मुलाचं आठवलं.

पैगंबरांचे नातू हसन लहान असताना त्यांनी सदक्याच्या (दानाच्या) खजुरांतला एक तोंडात टाकला. पैगंबरांसाठी आणि त्यांच्या घराण्यासाठी सदका वर्ज्य होता. पैगंबर (स.) त्यांना 'किख, किख' म्हणाले, लहान मुलाला 'थू कर' म्हणतात तसं, आणि मग सांगितलं, तुला माहीत नाही का, आपण सदका खात नाही? ही हदीस बुखारी या हदीससंग्रहात आहे. म्हणजे मुलाच्या तोंडातली गोष्ट बाहेर काढायला लावणं यात काही वावगं नाही. पण कसं केलं ते बघा. मुलाच्याच बोलीतला शब्द, लगेच कारण, आणि 'आपण' हा शब्द. 'तू वाईट केलंस' असं नाही, 'आपल्या घरची ही रीत आहे' असं. तुमच्या मुलाला त्या दिवशी कारण मिळालं नाही. मिळाली ती सगळ्यांच्या नजरांची शरम. आणि सात वर्षांच्या जिवानं त्या शरमेचा अर्थ लावला, की अल्ला माझ्यावर नाराज आहे.

त्याचा हा प्रश्न तसाच सोडू नका. आज रात्री झोपताना त्याला जवळ घ्या आणि तुम्हीच विषय काढा. सांगा, की त्या दिवशी तुझ्यावर कोणी नाराज नव्हतं, मीच घाबरले होते, आणि सगळ्यांसमोर तुझ्या हातातून ओढायला नको होतं. मुलाची माफी मागितल्यानं आईचा मान कमी होत नाही. मग त्याला एखादं पाकीट हातात द्या आणि मागचं वाचायला शिकवा. या वयाच्या मुलांना असं काहीतरी शोधून काढायला फार आवडतं. पुढच्या वाढदिवसाला जाण्याआधी त्या घरच्या बाईंशी दोन शब्द बोलून घ्या. मुलाला अमुक चालत नाही, मी त्याच्यापुरती गोळी सोबत देते, एवढं पुरतं. हे सांगितलं म्हणून मी तरी अजून कोणाला रागावलेलं पाहिलं नाही.

अजून एका मुलाची गोष्ट याला जोडून आहे. उमर बिन अबी सलमा पैगंबरांच्या घरात वाढत होते. जेवताना त्यांचा हात ताटभर फिरायचा. पैगंबर (स.) म्हणाले, बाळ, अल्लाहचं नाव घे, उजव्या हातानं खा, आणि तुझ्या समोरचं खा. बस, तीन वाक्यं. मोठेपणी ते सांगत, की तेव्हापासून माझी जेवायची तीच पद्धत राहिली. आयुष्यभर टिकलेली शिकवण एवढी छोटी आणि एवढी मऊ होती.

आता नणंदेचं घर. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पत्रातली खरी गाठ मला इथं दिसली.

मांसाच्या बाबतीत तुम्ही चौकस आहात ते चुकीचं नाही. इतर पदार्थांमध्ये मूळ नियम मोकळीकीचा आहे, पण मांसाच्या बाबतीत ते कसं जबह झालं याला महत्त्व आहे, आणि बरेच आलिम तिथं जास्त काटेकोर राहायला सांगतात. पण ही चौकशी करायची कुठं? आपण जिथून विकत घेतो तिथं करा, हवी तितकी करा. मुसलमानाच्या घरी पाहुणे म्हणून गेल्यावर नियम वेगळा आहे. एका हदीसमध्ये आलं आहे, की तुम्ही आपल्या मुसलमान भावाकडे गेलात आणि त्यानं खाऊ घातलं तर खा आणि विचारू नका, पाजलं तर प्या आणि विचारू नका. आणि पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांनी सांगितलेली बुखारीतली हदीस तर याहून नेमकी आहे. काही लोकांनी पैगंबरांना विचारलं, की आमच्याकडे लोक मांस आणून देतात, त्यावर अल्लाहचं नाव घेतलं होतं की नाही हे आम्हाला कळत नाही. ते आणून देणारे इस्लाममध्ये नवखे होते, म्हणजे शंकेला जागा होती. पैगंबर (स.) म्हणाले, तुम्ही अल्लाहचं नाव घ्या आणि खा.

शोधायला माणूस पाठवला नाही. त्या नवख्या लोकांना बोलावून जाबही विचारला नाही.

तुमची नणंद तर नवखीही नाही. तुमच्या नवऱ्याची सख्खी बहीण, त्याच आईच्या हातचं खाऊन मोठी झालेली. तिनं उत्तर दिलं नाही यावरून तुम्ही निष्कर्ष काढलात. मला वाटतं, तिला प्रश्न लागला असेल. वाढायला घेतलेला चमचा हातात तसाच धरून, 'हे कुठून आणलंस' या प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणजे आपण आरोपी आहोत हे आधी कबूल करायचं. माणूस अशा वेळी गप्प बसतो. एवढं करूनही तुमच्या मनाला पटत नसेल तर मांसाला हात लावू नका, बाकीचं जेवा, कारण सांगत बसू नका.

ग्रुपवर लिहिलंत त्याबद्दल कठोर बोलावं लागतंय, माफ करा. सूरह हुजुरातच्या १२व्या आयतीत तीन गोष्टी लागोपाठ आल्या आहेत. फार संशय घेऊ नका, कारण काही संशय गुन्हा असतात. एकमेकांची पाळत ठेवू नका. पाठीमागं एकमेकांची निंदा करू नका, तुमच्यापैकी कोणाला आपल्या मेलेल्या भावाचं मांस खायला आवडेल का? तुमच्या आणि नणंदेच्या बाबतीत या तिन्ही पायऱ्या याच क्रमानं घडल्या. आणि आयतीनं उपमा दिली आहे ती मांस खाण्याची. ज्या मांसाची शंका होती त्याला तुम्ही हात लावला नाहीत. पण ज्याबद्दल शंकाच नाही, ते त्या एका मेसेजमध्ये घडून गेलं. तो मेसेज काढून टाका, आणि जितक्या लोकांसमोर लिहिलात तितक्याच लोकांसमोर लिहा, की मी चुकले.

आणि मग ते एक वाक्य. 'पण तो वेगळा विषय.'

ताई, तो वेगळा विषय नाही. तुमच्या सगळ्या पत्रात हलाल-हरामचा सगळ्यात मोठा प्रश्न तिथंच आहे.

तुमची धास्ती दुआची आहे. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातली ज्या माणसाची हदीस तुमच्या मनात आहे ती पुन्हा वाचा. लांबचा प्रवास करून आलेला, केस विस्कटलेले, अंग धुळीनं माखलेलं, आकाशाकडे हात उचलून 'या रब, या रब' म्हणतो आहे, आणि त्याचं खाणं हराम, पिणं हराम, नेसणं हराम, मग त्याची दुआ कशी कबूल व्हावी? त्यात नेसणंही आहे. कापड काही कोणी खात नाही. म्हणजे इथं फक्त पोटात काय गेलं एवढंच विचारलेलं नाही, ते कुठून आलं हे विचारलं आहे. कापड कशाचं आहे यापेक्षा ते कोणाच्या पैशाचं आहे. आणि कापडाच्या जागी घर ठेवून पाहा.

पहिले खलिफा हजरत अबू बक्र यांच्या एका गुलामानं त्यांना काही खायला आणून दिलं, ते त्यांनी खाल्लं. नंतर कळलं, की पूर्वी त्यानं कोणाचं तरी खोटं भविष्य सांगितलं होतं आणि हे त्याचा मोबदला म्हणून आलं होतं. त्यांनी तोंडात बोटं घालून पोटातलं सगळं उलटून टाकलं. ते अन्न काय होतं, त्यात काय काय घातलं होतं, हे कोणी विचारतही नाही. ते आलं कुठून हा प्रश्न होता.

तुमच्या सासऱ्यांचं घर ते गेले त्या क्षणी त्यांचं राहिलं नाही, आणि एकट्या तुमच्या नवऱ्याचंही झालं नाही. सूरह निसाच्या ११व्या आणि १२व्या आयतीत हिस्से ठरवून दिलेले आहेत. कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत (मृत्युपत्र) असेल तर जास्तीत जास्त तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, आणि उरलेलं वारसांचं. कर्जात बायकोचा न दिलेला मेहरही (निकाहात ठरलेली रक्कम) येतो. सासूबाईंना त्यांचा मेहर मिळाला होता का, हे त्यांना कोणी कधी विचारलं आहे का? पुढचा हिशेब सोपा आहे. तुमच्या पत्रावरून वारस तिघं दिसतात, सासूबाई, एक मुलगा, एक मुलगी. सासऱ्यांचे आईवडील त्यांच्याआधीच वारले असतील तर उरलेल्या मालमत्तेचे २४ भाग करा. सासूबाईंचा आठवा हिस्सा म्हणजे ३ भाग. राहिले २१. मुलाचे १४, मुलीचे ७. वारस आणखी असतील तर आकडे बदलतील, म्हणून पक्का हिशेब आलिमांकडून लिहून घ्या.

तर तुम्ही ज्या घरात उभ्या राहून पाकीट उलटून वाचता, त्या घराचे २४तले ७ भाग नणंदेचे आहेत आणि ३ सासूबाईंचे.

'तिनं कधी मागितलं नाही.' हे वाक्य मी या सदराकडे आलेल्या कितीतरी पत्रांत वाचलं आहे. बहीण मागत नाही, कारण मागितलं तर माहेर तुटेल ही भीती असते. गप्प राहणं म्हणजे माफ करणं नव्हे. हदीसमध्ये आहे, की कोणाचंही धन त्याच्या मनाच्या राजीखुशीशिवाय हलाल होत नाही. शब्द तोच आहे, हलाल. आणि जमिनीबद्दल तर बुखारी-मुस्लिम दोन्हींत आलं आहे, की ज्यानं वीतभर जमीन अन्यायानं घेतली, त्याच्या गळ्यात सात जमिनींचं जोखड घातलं जाईल.

हे हिस्से ज्या आयतीतून आले, ती उतरण्यामागची हकिकत फार बोलकी आहे. हिजरी सन ३ मध्ये, म्हणजे इ.स. ६२५ मध्ये, उहुदच्या लढाईत साद बिन रबी शहीद झाले. त्यांची बायको दोन मुलींना घेऊन पैगंबरांकडे आली. म्हणाली, या सादच्या मुली, यांच्या चुलत्यानं सगळी मालमत्ता ताब्यात घेतली, यांच्यासाठी काही ठेवलं नाही. पैगंबर (स.) म्हणाले, अल्लाह याचा निर्णय करील. मग वारशाची आयत उतरली. त्यांनी त्या चुलत्याला बोलावून सांगितलं, सादच्या मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला आठवा हिस्सा दे, उरेल ते तुझं. त्या दिवशी त्या आईला आणि मुलींना मागायला यावं लागलं. हिस्सा आता ठरलेला आहे, तो मागायला लागू नये.

आमच्या घरातही हे घडलं आहे. माझ्या फुफीचा (आत्याचा) हिस्सा आमच्या वडिलांनी ११ वर्षं उशिरा दिला. वाईट माणूस नव्हता, नमाज कधी चुकवली नाही, पण 'बघू, होईल' करत वर्षं गेली. शेवटी ते कागद घेऊन तिच्याकडे गेले तेव्हा मी सोबत होते. फुफीनं कागदावर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. सही कुठं करायची ते वडील दाखवत होते, ती तिकडे बघतच नव्हती. मग एकदम म्हणाली, 'जेवून जाणार ना?' त्या ११ वर्षांत वडील तिच्याकडे कधी जेवले नव्हते. काही ना काही कारण निघायचं. का, ते मला त्या दिवशी कळलं.

म्हणून विचारते, आणि हे फक्त तुम्हीच तपासू शकता : नणंदेच्या ताटावर बसताना जी अस्वस्थता वाटते ती सगळी मांसाचीच आहे का?

हिस्सा द्यायचा तो तुमच्या नवऱ्यानं, तुम्ही वारस नाही. पण बोलायला सुरुवात तुम्ही करू शकता, आणि या वर्षभरात घरात हलालचा विषय तुम्हीच लावून धरलात, तेव्हा तुमचं बोलणं ऐकलं जाईल. 'तुम्ही बहिणीचं खाल्लंत' असं म्हणू नका, वाद तिथंच पेटेल. 'अब्बांच्या घराचा हिशेब आपण कधी केलाच नाही, करून टाकू या' एवढंच म्हणा. घराची किंमत दोघांना मान्य अशा तिसऱ्या माणसाकडून ठरवून घ्या. एकरकमी देणं जमत नसेल तर हप्ते ठरवा, पण लिहून. कर्ज लिहून ठेवण्याबद्दलची सूरह बकरातली २८२वी आयत कुरआनातली सगळ्यात लांब आयत आहे. यावरूनच लिहिण्याला किती महत्त्व आहे ते कळतं. गेल्या ६ वर्षांत घर तुम्हीच वापरलंत, त्याचंही तिच्याशी मोकळेपणानं बोला. आणि कागद तुमच्याकडच्या कायद्याप्रमाणे पक्के करा.

ती म्हणेल, मला काही नको. बऱ्याच बहिणी म्हणतात. तेव्हा लगेच सुटकेचा श्वास टाकू नका. आधी तिचा हिस्सा तिच्या नावावर, तिच्या ताब्यात द्या, किती आहे तो आकडा तिला कळू द्या. त्यानंतर महिन्यानं, वर्षानं तिनं खुशीनं काही परत दिलं तर ती तिची देणगी, ती घ्या. हातात न आलेल्या गोष्टीवर, भावाच्या तोंडाकडे बघत म्हटलेलं 'नको' हे राजीखुशीचं नसतं. सासूबाईंच्या ३ भागांचंही तसंच. त्या मुलाकडेच राहतात म्हणून त्यांचा हिस्सा आपोआप मुलाचा होत नाही.

कमाईच्या बाकीच्या गोष्टींवर तुम्ही काही विचारलं नाही, म्हणून थोडक्यात सांगते. बाजारात धान्याच्या ढिगात पैगंबरांनी हात घातला, बोटांना ओल लागली. वरचं कोरडं, आतलं भिजलेलं. पावसानं भिजलं, असं विकणारा म्हणाला. मग ते वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं? जो फसवतो तो माझ्यातला नाही. तुम्ही दोघं जे काम करता त्यात अशी आत लपवलेली ओल कुठं आहे का, एवढं पाहा. बँकेच्या खात्यात व्याज आपोआप जमा होत असेल तर बहुतेक आलिम सांगतात, की ते स्वतःसाठी वापरू नका, सवाबची (पुण्याची) नियत न ठेवता गरजूंना देऊन टाका.

कुठवर जायचं, असं तुम्ही विचारलंत. स्वतःच्या बाबतीत जितकं झेपेल तितकं जा. 'दीन सोपा आहे, आणि जो त्यात ओढाताण करतो त्याच्यावर दीनच मात करतो' ही बुखारीतली हदीस लक्षात ठेवा, म्हणजे दमणार नाही. दुसऱ्याच्या ताटाशी आल्यावर थांबा. आणि दुसऱ्याच्या हक्कापाशी आल्यावर थांबू नका, तिथं तुमची ती वर्षभराची सगळी जिद्द लागणार आहे. तुमचे यजमान 'अती करतेस' म्हणतात, ते पाकिटांच्या बाबतीत थोडंफार खरं असेल. हिश्श्याच्या बाबतीत ते तसं म्हणाले, तर मात्र मागं हटू नका.

नणंदेकडे कागद घेऊन जाल तेव्हा मुलालाही न्या. जेवायला थांबा.

आणि सासूबाईंच्या औषधाबद्दल डॉक्टर काय म्हणाले, ते आधी कळवा. बाकीचं सावकाश लिहिलंत तरी चालेल.